विदूषकाचा बंदोबस्त कसा करावा

तुमच्या हाताखाली एखादं खातं आहे, टेबलावर शिक्का आहे, आणि गावात कुणी नट तुमच्या नकला करत फिरतोय. झोप उडाली ना? घाबरू नका. इटलीतल्या साहेबलोकांनी दारिओ फो या नटावर सगळे उपाय आधीच करून पाहिलेत. तुम्ही फक्त उतरवून घ्यायचं.

असली पोरं लहानपणीच हेरावीत. हा 1926 साली माज्जोरे सरोवराजवळ स्टेशनमास्तरच्या घरी जन्मला. आजोबा गाडीवर भाजी विकता विकता गिऱ्हाइकांना गोष्टी सांगायचे. सरोवराकाठचे कोळी आणि काचकामगार थापा मारण्यात याचे गुरू. मिलानला चित्रकला, वास्तुकला शिकूनही स्वारी नाटकातच गेली. 1954 साली लग्न केलं तेही फ्रांका रामेशी, म्हणजे पिढीजात फिरत्या नाटकमंडळीतल्या मुलीशी. (तरुणपणी मुसोलिनीच्या पडत्या काळातल्या फौजेत तो होता. विरोधकांनी ते वेळोवेळी उकरून काढलं. करून बघा, पण तिकीटबारीवर फरक पडत नाही.)

आता मुख्य उपाय. कात्री. 1962 साली सरकारी टीव्हीवरच्या लोकप्रिय कार्यक्रमात या जोडप्याला घेतलं, आणि त्यांनी काय दाखवावं? कामगाराची जाडजूड मावशी कारखाना बघायला येते, खिम्याच्या यंत्रात पडते, आणि यंत्र थांबवणं परवडत नाही म्हणून डबाबंद होऊन घरी परतते. पुढे बांधकाम मजुरांच्या सुरक्षेवरचा प्रवेश साहेबांनी कापायला सांगितला, तर दोघं कार्यक्रमच सोडून गेले. टीव्हीचं दार सुमारे पंधरा वर्षं बंद! नामी उपाय. फक्त 1968 पासून ही मंडळी कामगारांच्या सभागृहांतून नाटकं करू लागली, आणि तिथे तुमचा माणूस कात्री घेऊन बसवता येत नाही.

पोलिसी खुलासे मात्र जपून लिहावेत. डिसेंबर 1969 मध्ये मिलानच्या बँकेत बॉम्ब फुटला. संशयावरून पकडलेला रेल्वे कामगार पिनेल्ली तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरून खाली पडला. फोने यावर 1970 साली नाटक लिहिलं. त्यात एक वेडा न्यायाधीशाचं सोंग घेऊन पोलिसांचीच झडती घेतो. पोलीस सांगतात, आम्ही त्याला वाचवायला धावलो, पाय धरला, पण बूट हातात राहिला. वेडा कागद चाळतो. प्रेताच्या पायांत तर दोन्ही बूट होते! मग याला पाय तीन होते की काय? प्रेक्षक हसून लोळतात, आणि हसता हसता गप्प होतात. 1975 साली खऱ्या न्यायाधीशाने निकाल दिला: खून नाही, आत्महत्याही नाही, भोवळ येऊन तोल गेला. फोला हे सुचलं नसतं.

एक उपाय मात्र असा झाला की त्याची थट्टा मला जमत नाही. मार्च 1973 मध्ये नवफासिस्टांनी फ्रांकाला गाडीत कोंबून तिच्यावर बलात्कार केला. काही आठवड्यांत ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. पुढे त्याच अनुभवावर तिने एकपात्री केलं.

धर्माचा आधार घ्यावा म्हणता? घ्या. 'मिस्तेरो बुफ्फो' या एकपात्री प्रयोगात फो रिकाम्या रंगमंचावर पोप बोनिफेस आठवा व्हायचा. न दिसणारा जडशीळ झगा चढवायचा, न दिसणाऱ्या सेवकांवर खेकसायचा, आणि शेवटी क्रूस वाहणाऱ्या येशूची लाथ खायचा. 1977 साली ते टीव्हीवर आलं, तेव्हा व्हॅटिकनने त्याला टीव्हीच्या इतिहासातला सर्वांत ईश्वरनिंदक कार्यक्रम ठरवलं. बिनपैशाची जाहिरात! शिवाय हा गडी ग्रामेलो नावाच्या भाषेत बडबडायचा, जिच्यात शब्दच धड नसतात, नुसते सूर आणि हातवारे. खोडायचं काय, सांगा?

व्हिसा नाकारणं हाही चांगला उपाय. अमेरिकेने दोनदा केला. 1984 साली त्याचं नाटक ब्रॉडवेवर आलं तेव्हा द्यावाच लागला.

एवढं सगळं नेटाने केलंत की 1997 उजाडतं. फो मोटारीतून महामार्गाने चाललाय. शेजारून एक गाडी येते, काचेला कागद लावलेला: दारिओ, तुला नोबेल मिळालं! व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राला धक्का बसला. स्टॉकहोमला त्याने लिखित भाषणाऐवजी स्वतः काढलेली चित्रं वाटली आणि एका जुन्या कायद्याची आठवण करून दिली. सम्राट फ्रेडरिक दुसरा याचा, साल 1221: टवाळ विदूषकाला कुणीही चोपावं, शिक्षा नाही.

मसुदा तयारच आहे, साहेब. फक्त तारीख बदला.