ट्रिकोवरच्या पोस्टखाली आलेल्या ‘त्या’ कमेंटला उत्तर

नमस्कार. ट्रिको या जपानी मॅथ रॉक बँडच्या ‘टी एच ई’ या पहिल्या अल्बमवर मी लिहिलं त्याखाली तुमची कमेंट आली. बाकीच्यांसाठी इथे जशीच्या तशी देते: “बाळा, गोड चाल लावली की त्याला मॅथ रॉक म्हणत नाहीत, पॉप म्हणतात. मुलींचा बँड म्हणून एवढं कौतुक. अव्हेक्सकडे गेल्यावर तर सगळं संपलंच. आधी डॉन कॅबलेरो ऐक, मग लिही.” (नवख्यांसाठी: मॅथ रॉक म्हणजे मात्रांची मापं वाकडीतिकडी असलेलं, मध्येच बदलणारं रॉक. अव्हेक्स ही जपानमधली मोठी रेकॉर्ड कंपनी, आणि डॉन कॅबलेरो हा अमेरिकेतला जुना मॅथ रॉक बँड.)

पहिलं म्हणजे ते ‘बाळा’. आपली ओळख ना पाळख, मी तुम्हाला कधी अरेतुरे केलं नाही, आणि तुम्ही पहिल्याच शब्दात मला मांडीवर घेऊन शिकवायला बसलात. पटलं नाही तर पटलं नाही म्हणा ना, या ब्लॉगवर लोक माझ्याशी कडाकडा भांडतात आणि मला ते आवडतं. पण समोरच्याला काही कळतच नाही असं धरून बोलायचं आणि वर चार शब्दांत निकाल द्यायचा, याला चर्चा म्हणत नाहीत. आणि ‘ऐक, लिही’ ही आज्ञा कोणत्या नात्याने?

आता ते गोड चालीचं. मी मिरजेत तबला शिकले, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या. रूपक हाताला लावताना गुरुजींनी रडवलंय मला. ती ती ना धी ना धी ना, तीन-दोन-दोन अशा सात मात्रा, आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी, त्यामुळे सवयीने तिथे धा मारायला गेलं की बोटांवर पट्टी. त्याच रूपकात किती भावगीतं आहेत, घरात लोक भाजी निवडताना गुणगुणतात, सात कोणी मोजत नाही. म्हणून काय तो रूपक नाही? चाल गोड आहे म्हणून खालच्या मात्रा आठ होतात का? मात्रा मोजून दाखवणं तसं सोपं आहे हो, गाणाऱ्याने त्या न मोजल्यासारखं गाणं हे अवघड आहे.

आणि ट्रिको त्याच्याही पुढे जातात, हेच मी त्या पोस्टमध्ये घसा कोरडा करून सांगत होते. आपल्याकडे एकदा ताल धरला की आवर्तन तेच राहतं, गाणाऱ्याला सम कुठे येणार ते माहीत असतं. इथे माप मध्येच बदलतं. ‘पूल’ हे गाणं ऐका, गिटारचा तुकडा तुमच्या अंदाजाच्या आधीच गुंडाळला जातो, दुसरी गिटार वेगळंच काहीतरी वाजवत असते, ड्रम्स मधल्या फटी भरत पळतात, आणि या सगळ्यावरून इक्क्यू नाकाजिमा सरळ, लांब सूर लावत जाते, जणू खाली काही गडबडच नाही. मोटिफोर किदाचा दुसरा आवाज मध्येच येऊन मिळतो. हिरोमी हिरोहिरोचा बास नीट ऐकलात तर कळेल की गाणं जमिनीवर कोणी धरून ठेवलंय. ती चाल काढून टाका, कसरत उरेल. चाल ठेवून खाली सरळ चारचा ठेका द्या, बरं गाणं उरेल पण अंगावर येणार नाही. मला दोन्ही एकत्र हवंय आणि या बँडकडे ते 2013 मध्ये, पहिल्याच अल्बमला होतं. ‘99.974 डिग्री सेल्सिअस’ नावाचं गाणं आहे त्यात, म्हणजे पाण्याचा काटेकोर मोजलेला उत्कलनबिंदू. असलं नाव देऊन लोकांना उड्या मारायला लावणाऱ्या बँडला नुसतं पॉप म्हणून बाजूला सारता येत नाही.

एक मात्र मान्य करते. 2020 च्या ‘माक्कुरो’ या अल्बमपासून, म्हणजे अव्हेक्सकडे गेल्यावर, साउंड जास्त स्वच्छ झालाय, गिटारची धार थोडी बोथट वाटते, आणि ती पहिली खरखर मलाही जास्त आवडते. पण ‘सगळं संपलं’? त्याच वर्षी त्यांनी दुसरा अल्बमही काढला, मग ‘जोदेकी’, मग ‘फुदेकी’. ऐकलेत का? कमेंटवरून तरी वाटत नाही.

मुलींचा बँड हे तर चूकच आहे. 2010 मध्ये क्योटोत सुरुवात झाली, लवकरच कोमाकी ड्रम्सवर आला, तो 2014 मध्ये गेला, 2017 मध्ये योशिदा आला. दोघे पुरुष. मधल्या काळात ‘अँड’ अल्बम त्यांनी वेगवेगळे ड्रमर घेऊन केला, आणि अशा संगीतात ड्रमर बदलत ठेवून उभं राहणं काय असतं हे तबल्याला बसलेल्या कोणालाही विचारा. यावर मी जास्त बोलणार नाही, कारण बोलले तर सभ्यपणे बोलवणार नाही.

डॉन कॅबलेरो ऐकलंय. कॉलेजपासून ऐकतेय, त्यांच्या डेमन चेचे ड्रम्स मला आजही थक्क करतात. पण ते गाणारे नाहीत, त्यांचा प्रश्नच वेगळा होता. जपानमध्येही टो, लाइट या बँडांनी बहुतेक शब्दांशिवायच काम केलंय आणि उत्तम केलंय. त्यांच्यापुढे ट्रिकोने गाणारा गळा आणून ठेवला, म्हणून तर मी लिहिलं.

पुढची पोस्ट ‘अँड’वर आहे. तिथे जरूर या, पण गाण्याचं नाव आणि कितव्या मिनिटाला काय खटकलं ते लिहा. त्याचं उत्तर देईन, बाकीच्याचं देणार नाही.