शाल परत द्या

शाल माझ्या खांद्यावर किती वेळ होती? फोटोवाला "सर, इकडे" म्हणेपर्यंत. मग मंडळाचे चिटणीस कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "जरा शाल देता का? पुढच्यांना घालायचीय." दिली. एका हातात नारळ सांभाळत दुसऱ्या हाताने मी शाल उतरवतोय, नेमका तो फोटो ग्रुपवर फिरतोय. बायको म्हणाली, "तुम्हाला नुसताच नारळ दिला वाटतं."

आमच्या कोकणातल्या या गावात एक इतिहास मंडळ आहे आणि मंडळाकडे दगड आहेत. लढताना मेलेल्यांच्या आठवणीचे नऊ वीरगळ, सती गेलेल्यांच्या दोन सतीशिळा, आणि एक गधेगाळ, म्हणजे शापाचा दगड. इतकी वर्षं सगळे पिंपळाखाली भिजत होते. गुरं वाचवताना मेलेल्या कुणा वीराच्या डोक्यावर मासेवाली पाटी टेकवायची, आणि खरं सांगायचं तर त्या वीराची तिच्याइतकी विचारपूस दुसऱ्या कुणी केली नव्हती. तर दगडांवर शेड हवी, मंडळाकडे पैसे नाहीत, आणि आमच्या हास्यक्लबकडे वेळच वेळ. १९९५ साली मुंबईत पहिला हास्यक्लब निघाला तेव्हा त्याचं पर्यवसान चिरे वाहण्यात होईल, असं कुणाच्या स्वप्नातही नसेल. आम्ही अकरा रविवार वाहिले.

पहिल्या रविवारी अध्यक्षांनी भाषण केलं. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव कसे हिंडले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ कसं उभं राहिलं, वगैरे. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड मंडळाच्या कपाटात आहेत. इतिहासाची साधनं २२, बांधकामाची दोन: एक थापी आणि एक भोक पडलेलं घमेलं. ओळंबा गवंड्याचा स्वतःचा.

अध्यक्षांना बांधकाम अस्सल हवं होतं. चुना, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर. कुणीतरी हौसेने गुळाची ढेप आणलीसुद्धा. चुना काही मिळाला नाही. ढेपेला मात्र मुंग्या लागल्या आणि तिथून त्या माझ्या डब्यापर्यंत पोचल्या. शेवटी आलं सिमेंटच.

पण हे सगळं मी विसरलो असतो. अप्पा विसरता येत नाहीत.

अप्पा समोरच्या घरात राहतात. तिसऱ्या रविवारी ते स्वतःची खुर्ची घेऊन आले. कमरेला पंचा, वर उघडे, जानव्याला कपाटाची किल्ली. खुर्ची सावलीत टाकून त्यांनी माझी चौकशी सुरू केली.

"गवंडी कोण?"

"ते."

"मग तुम्ही कोण?"

"मी... स्वयंसेवक."

"म्हणजे बिगारी."

"तसंच म्हणा."

"रोज किती पडतो?"

"घेत नाही आम्ही."

"तरीच," अप्पा म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

त्या 'तरीच'वर मी अजून रात्री कूस बदलतो.

मग अप्पा उठले. "भिंत बाहेर गेलीय." गवंडी म्हणाला, ओळंबा लावलाय. अप्पांनी स्टूल मागवलं, त्यावर चढले, भिंतीवरून वाकले आणि जानव्याची किल्ली पलीकडे सोडली. किल्ली झुलू लागली. "कुणी हलू नका," अप्पा म्हणाले, जणू वारा आमच्याच अंगातून येत होता. किल्ली थांबायला आली की अप्पा श्वास सोडत, आणि श्वासासरशी पोट, पोटासरशी जानवं, जानव्यासरशी किल्ली पुन्हा निघे. दोन-तीन मिनिटं इतिहास मंडळ, हास्यक्लब आणि पिंपळाखालचं कुत्रं त्या किल्लीकडे टक लावून होतं. पोटावर बोटं फिरवून अप्पांनी निकाल दिला.

"दोन सूत बाहेर."

"किल्लीनं कळतं?" गवंड्याने विचारलं.

"गोदरेजची आहे," अप्पा म्हणाले.

गवंड्याने खरा ओळंबा सोडून दाखवला. भिंत सरळ. "तुझा दोरा नायलॉनचा, ताणतो तो," अप्पा म्हणाले. "हे सूत आहे." यावर अध्यक्षांनी ज्येष्ठांचा मान राखायचं ठरवलं. दोन थर उतरवले, चिरे खरवडून तिथेच परत चढवले. अप्पांनी किल्ली लावली. "आता कसं!"

ते चिरे मी उचलले होते. चौथ्या चिऱ्याला कमरेत उसण भरली, ती अजून आहे. आता मी विनोद करतोय खरा, पण तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. गवंडी रोज घेतो, म्हणून त्याला दहाला चहा, चारला चहा. आम्ही फुकट, म्हणून आम्हाला येणाऱ्याजाणाऱ्याचा उपदेश. फुकटच्या माणसाची किंमत लोक बरोबर शून्य धरतात, वर त्याचे आभारही 'सर्व ज्ञात-अज्ञात' या एका शब्दात उरकतात. मी अज्ञात कसा? अध्यक्षांना मी चाळीस वर्षं ओळखतो!

उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सवडीने ठरली, जमिनीचा कोबा मात्र आपल्या सवडीने वाळत होता. पाहुण्यांच्या बुटाचा एक सुरेख ठसा वीरगळांशेजारी उमटलाय. भावी संशोधक काय तो अर्थ लावतील.

सत्काराला माणसं अकरा, शाली चार. फिरवून फिरवून घालायच्या असं चिटणिसांचं गणित. पहिला सत्कार 'तांत्रिक मार्गदर्शक' अप्पांचा. फोटो झाला, चिटणीस शालीसाठी वाकले. अप्पांनी शाल घट्ट धरली आणि गधेगाळाकडे बोट दाखवलं.

"वाचा."

शिलाहारांच्या काळातला तो दगड. वर सूर्य-चंद्र, खाली गाढव आणि एक बाई. दिलेलं दान जो कोणी मोडील, त्याच्या आईला... पुढचं इथे लिहिता येत नाही. अध्यक्षांनीच त्यावर भाषणात दहा मिनिटं घालवली होती, सभ्य शब्द शोधत शोधत.

"दिलेलं परत घेणाऱ्याला आहे ते," अप्पा मोठ्याने म्हणाले. "तुमची आई समोरच बसलीय."

चिटणिसांची आई खरंच पहिल्या रांगेत होती. चिटणीस मागे सरले. शाली उरल्या तीन, आणि तुटीचा भार आला माझ्यावर. गधेगाळ पाया खोदण्यापासून माझ्या डोळ्यांसमोर होता, दोन वेळा मी स्वतः तो उचलून बाजूला केला होता, पण ऐनवेळी सुचलं नाही.

आज सकाळी शेडवरून गेलो. उकाडा मरणाचा. अप्पा ओटीवर शाल पांघरून बसले होते.

"अहो बिगारी," त्यांनी हाक मारली, "कोब्यावर पाणी मारलंत का?"

मारलं.