साप-मगरी 'अर्धवट' जीव नाहीत: ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदा पण आलाय. त्यात लिहिलंय की अंडी घालणारे प्राणी उत्क्रांतीत मागं राहिलेले आणि पिल्लं देणारे पुढं गेलेले, सगळे साप अंडी घालतात फक्त घोणशीची पिल्लं आईचं पोट फाडून बाहेर येतात, मगर स्वतःची पिल्लं खाते, साप हे डायनासोरचे वंशज आहेत, आणि शेवटी, सापाची अंडी दिसली की लगेच फोडून टाका. ती शेवटची ओळ वाचल्यावर गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

आधी ते "मागं राहिलेले" बघू. बहुतेक बेडूक अजून अंडी घालायला पाण्यातच जातात, कारण त्यांचं अंडं उघड्यावर वाळून जातं. ३० कोटी वर्षांपेक्षाही आधी काही प्राण्यांच्या अंड्यात वेगवेगळे पडदे तयार झाले, एका पिशवीत पाणी आणि त्यात तरंगणारं पिल्लू, दुसरीत त्याची घाण साठणार, बाहेरून हवा आत येणार, आणि पोषणाला बलक. या अंड्यामुळंच हाडाच्या कण्याचे प्राणी पाण्याचा काठ सोडून लांब कोरड्या जमिनीवर वस्ती करू शकले. आणि ते अंडं आपण माणसांनी तरी कुठं सोडलंय? बाळंतपणात जी गर्भजलाची पिशवी फुटते ती त्यातलीच, वार पण त्याच पडद्यांपासून बनते, आणि बलक तयार करणाऱ्या जनुकांचे मोडके तुकडे माणसाच्या पेशीत आजही सापडतात. आपली शाखा आणि सापांची शाखा ३० कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, तेव्हापासून दोघांचीही उत्क्रांती चालूच आहे, मग साप आपल्या मागं कसा? ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस तर आपल्याच शाखेतला, पिल्लांना दूध पाजतो आणि अंडीही घालतो.

सगळे साप अंडी घालतात हेही चूक. नाग, मण्यार, धामण, दिवड, अजगर अंडी घालतात. घोणस, फुरसं, चापडा, मांडूळ थेट पिल्लं देतात. सरडे आणि सापांमध्ये पिल्लं देण्याची पद्धत वेगवेगळ्या कुळांत शंभरपेक्षा जास्त वेळा स्वतंत्रपणे आलीय. युरोपात एक छोटा सरडा आहे, बहुतेक थंड भागात तो पिल्लं देतो आणि दक्षिणेकडच्या काही भागांत तीच जात अंडी घालते. थंडीत जमिनीत अंडी उबत नाहीत, आई उन्हात बसून पोटातलीच पिल्लं उबवू शकते, म्हणून असं झालं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

घोणशीचं पोट फाटतं हे तर आपल्याकडं ऊसवाल्या पट्ट्यात लहानपणापासून ऐकवलं जातं, पण असं काही होत नाही. अंड्याचं कवचच तयार होत नाही, पिल्लं पातळ पडद्यात गुंडाळलेली एकामागून एक शेपटीजवळच्या नेहमीच्या वाटेनं बाहेर येतात, २० ते ४० पर्यंत पण असतात, आणि आई जिवंत राहते. पिल्लू मात्र जन्मापासून विषारी असतं, तेव्हा बारकं आहे म्हणून हात लावू नका.

मगरीचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला मगरी आहेत, लोकांना भीती वाटणं साहजिक आहे. पण मादी काठावर खड्डा करून अंडी पुरते, दोनेक महिने आसपास राहून राखण करते, आणि पिल्लं आतून चिवचिवायला लागली की माती उकरून त्यांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. हे तोंडात धरलेलं बघूनच "खाते" अशी समजूत झाली असणार. पिल्लू नर होणार का मादी हे पण घरट्यातल्या तापमानावर ठरतं, ३२.५ अंशाच्या आसपास नर जास्त, त्यापेक्षा गार किंवा गरम असेल तर माद्या. मगर-सुसरींच्या गटाचे आज जिवंत असलेले सगळ्यात जवळचे नातेवाईक पक्षी आहेत, पाल नाही.

आणि डायनासोरचे वंशजही पक्षीच. साप सरड्यांच्या फांदीतून आलेत, अजगराच्या शेपटीजवळ मागच्या पायांच्या नख्या अजून दिसतात. गुजरातेत ढोली डुंगरीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनासोरचं घरटं दगडात मिळालं. आधी सगळी हाडं डायनासोरच्या पिल्लाचीच वाटली, २००१ मध्ये अमेरिकेतले जीवाश्म अभ्यासक जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आलं की त्यात सापाचे मणके आहेत. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी नुकतं जन्मलेलं पिल्लू. २०१० मध्ये त्याला सनाजेह इंडिकस नाव दिलं. वय सुमारे ६.७ कोटी वर्षं. म्हणजे साप आणि डायनासोर एकाच वेळी होते, आणि साप त्यांची पिल्लं खायला टपलेला होता.

आता अंडी फोडायचं. शेणखतात किंवा पाचटाखाली पांढरी, मऊ चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली अंडी दिसली तर ती धामण-दिवडीसारख्या बिनविषारी सापाची असू शकतात, नागाचीही असू शकतात, बघून सांगता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये संरक्षित सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं शिकारीच्या व्याख्येत येतं. झाकून ठेवा, वनविभागाला नाहीतर सर्पमित्राला फोन करा, स्वतः उचलू नका. कोंबडी अंडी फिरवत राहते, सापाच्या अंड्यात मात्र गर्भ वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटं झालं तर मरू शकतो, म्हणून जाणकार माणूस उचलायच्या आधी प्रत्येक अंड्यावर वरून पेन्सिलीनं खूण करतो.