वॉटर पंपाचं ते भोक बुजवू नका

इंदूरच्या आपल्या मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: गाडीच्या वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंट (इंजिन गार ठेवायला पंप फिरवतो ते पाणी) गळत असेल तर त्यात एम-सील भरा, काम झालं. चूक आहे हे. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावरचं सील झिजलं की झिरपलेलं कूलंट बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. भोक बुजवलंत तर तेच पाणी बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतं. मग घरघर सुरू होते, पुली डुगडुगते. ज्या गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) फिरतो, तिथे तो जाम झाला तर बेल्टही जातो आणि खर्च थेट इंजिनावर येतो.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा तोडगाही इथे कामाचा नाही. (ती पोह्यातच बरी.) फिरत्या सीलवर हळद टिकत नाही, रेडिएटरच्या नळ्या मात्र चोंदतात.

नव्या पंपाच्या भोकाखाली सुरुवातीला हलकासा वाळका डाग दिसला तर घाबरू नका. थेंब पडत असतील तर मात्र पंप गॅस्केटसकट बदला, आणि तोही ओंकारेश्वरला निघण्याआधी. भेरूघाटात टेंपरेचरचा काटा चढलाच, तर गाडी बाजूला घ्या; इंजिन गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.