दिवसभर उन्हात ठेवलं म्हणून होकायंत्र रात्रभर चमकत नाही

ट्रेकवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. अंधारात चमकणारं होकायंत्र दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवा, पहाटेपर्यंत लख्ख दिसेल. बॅटरीच्या उजेडानं काही होत नाही. आणि चमकतंय म्हणजे आत रेडियम (किरणोत्सर्गी धातू) आहे, पोरांच्या हाती देऊ नका. सोबत हिरव्यागार तबकडीचा फोटो. देवगिरी, अंतूर किल्ल्यांकडे मुलांना नेणारी मंडळीही तो पुढे ढकलतायत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

'जितकं ऊन जास्त तितकी चमक जास्त' हे थोड्याच वेळापुरतं खरं आहे. आजच्या चांगल्या तबकड्यांवर बहुधा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा लेप असतो. उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या सापळ्यांत अडकतात आणि पुढे हळूहळू सुटताना हिरवा प्रकाश देतात. हे सापळे मोजकेच असतात. दुपारच्या उन्हात, म्हणजे साधारण 1 लाख लक्समध्ये (लक्स हे उजेड मोजायचं एकक), ते काही मिनिटांत भरतात. रांजण भरल्यावर नळ चालू ठेवून काय मिळणार? उलट घरातल्या 100-200 लक्स उजेडात तबकडी कितीही वेळ ठेवा, ती उन्हाइतकी भरत नाही, कारण भरणं आणि सुटणं खालच्याच पातळीवर बरोबरीला येतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. उष्णतेनं इलेक्ट्रॉन लवकर सुटतात, म्हणजे तापलेली तबकडी भराभर रिकामी होते. द्रव भरलेलं होकायंत्र गाडीच्या डॅशबोर्डवर तापलं, तर आत बुडबुडा धरतो आणि मोठा बुडबुडा सुईला अडवतो.

आता 'पहाटेपर्यंत लख्ख'. चमक सुरुवातीच्या काही मिनिटांतच झपाट्यानं उतरते. पुढे उरतो तो मंद उजेड. चांगला लेप असेल तर तो पहाटेही दिसतो, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनाच, आणि डोळे पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. देवगिरीच्या अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, भर उन्हातून शिरा: नुकतीच भरलेली तबकडीही फिकी वाटेल. तेव्हा दोष तबकडीचा नसतो.

मेसेजमधल्या फोटोवर तर मुळीच जाऊ नका. कॅमेऱ्याचं शटर काही सेकंद उघडं ठेवलं की विझत आलेली तबकडीही दिव्यासारखी उमटते. स्वतः पडताळायचं असेल तर एकाच तबकडीचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाका. ती तासभर उन्हात ठेवा आणि कागद शेवटच्या पाच मिनिटांपुरताच काढा. मग बंद खोलीत मोबाइलच्या प्रो मोडमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आणि शटर पक्कं करून दोन्ही भाग एकाच फोटोत टिपा. ऑटोवर ठेवून वेगवेगळे फोटो काढलेत, तर कॅमेरा स्वतःच उजेड सारखा करून टाकतो आणि तुलनेला अर्थ राहत नाही.

'बॅटरीनं काही होत नाही' हे साफ चूक. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश भरपूर असतो आणि हा लेप निळ्या व अतिनील प्रकाशानंच भरतो. अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट पडतो, म्हणून बॅटरी तबकडीला भिडवून अर्धा-एक मिनिट धरा, तेही जॅकेटच्या आत, म्हणजे डोळे दिपणार नाहीत. आकाशनिरीक्षणाचा लाल दिवा डोळ्यांसाठी उत्तम, पण त्यानं लेप भरत नाही. मोबाइलचा टॉर्च मात्र टाळा. स्पीकरमधल्या चुंबकानं सुई भरकटते, आणि जोरदार चुंबक फार जवळ आलं तर तिचे ध्रुव कायमचे उलटे होऊ शकतात. अंधारात मुलांची वाट चुकवणारी खरी चूक ती.

राहिलं रेडियम. स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट किरणोत्सर्गी नाही. मुलांना खुशाल हाताळू द्या. काही लष्करी होकायंत्रांत ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन वायूच्या, बंद नळ्या असतात. त्यांना उजेड दाखवावा लागत नाही, मात्र 12.3 वर्षांत त्यांची चमक निम्म्यावर येते. रेडियमचा रंग साधारण 1960 च्या दशकापर्यंतच्या यंत्रांवर असायचा. त्यातला चमकणारा झिंक सल्फाइड केव्हाच निकामी झालाय, पण रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, 1600 वर्षं आहे. म्हणजे सावध राहायचं ते जुन्या बाजारात मिळालेल्या, आता न चमकणाऱ्या यंत्रापासून. असं काही घरात असेल तर त्याची काच उघडू नका, रंग खरवडू नका आणि मुलांपासून दूर ठेवा.