नादारीचा अर्ज म्हणजे कर्ज बुडवणं नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

नादारीच्या, म्हणजे देणं फेडण्याची ऐपत उरली नाही असं कोर्टाकडून ठरवून घेण्याच्या अर्जावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांना कर्ज बुडवायची शिकवणी देताय. अर्ज केला की कर्ज माफ, घर शाबूत, आणि पतसंस्थेचा ठेवीदार देशोधडीला. आमच्या पिढीनं दागिने मोडले, पण देणं ठेवलं नाही.' 1920 चा नादारी कायदा 2016 साली मोडीत निघाला, असंही तुमचं म्हणणं आहे, आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या तुमच्या मित्राचे हालही तुम्ही लिहिलेत. तुम्ही पतसंस्थेवर संचालक होतात, ठेवीदारांची बोलणी खाल्लीत, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. पण तुम्ही लिहिलंय तसं नादारीत होत नाही. अशाच ऐकीव गोष्टींमुळे माणसं कोर्टाची पायरी टाळून सावकाराचं दार गाठतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण तो 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. टॉवेलचा छोटा कारखानदार, रिक्षावाला, शिक्षक यांच्यासाठी तो भाग अजून सुरूच झालेला नाही. वर्षाला 60 हजारांच्या आत उत्पन्न असलेल्याचं 35 हजारांपर्यंतचं कर्ज माफ, ही त्यातलीच तरतूद, तीही अजून कागदावरच आहे. सोलापूरला आजही 1920 चाच प्रांतिक नादारी कायदा लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. देणं फेडण्याची ऐपत नसावी आणि ते किमान 500 रुपयांचं असावं, एवढी त्याची जुनी अट अजून तशीच आहे.

आता 'अर्ज केला की माफ'. काका, अर्ज केल्यानं काहीच माफ होत नाही. कोर्टानं नादार ठरवलं की माणसाची मालमत्ता कोर्टाच्या किंवा मालमत्ता सांभाळायला कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, ताब्यात जाते, विकली जाते आणि ज्यांचं देणं आहे त्यांच्यात पैसा वाटला जातो. त्यानंतर, कोर्टानं घालून दिलेल्या मुदतीत, उरलेल्या देण्यातून मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर हे आपल्या हाताबाहेरच्या कारणानं घडलं असं त्या माणसाला कोर्टाला पटवून द्यावं लागतं, नाहीतर पूर्ण मुक्तता नाही. एवढं करून मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं, फसवणुकीनं घेतलेलं कर्ज आणि बायकोमुलांची पोटगी सुटत नाही. चेक न वटल्याचा फौजदारी खटलाही चालूच राहतो. यात बुडवणं कुठे आलं?

घर शाबूत राहतं हेही तसंच. बँकेकडे गहाण असलेल्या घरावरचा बँकेचा हक्क नादारीनं हलत नाही, वसुली चालू राहते. उलट, भांडीकुंडीसुद्धा नेतात असं घाबरवणारे भेटतात, तेही खोटं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याचं राहतं घर जप्तीतून वगळलेलं आहे. मात्र शेडमध्ये माग लावून कामगार ठेवणाऱ्यानं आपले माग 'कारागिराची हत्यारं' ठरतील असं धरून चालू नये.

खरा घोळ होतो तो अर्जाच्या आधी, आणि तो मी जवळून पाहतो. मागवाल्यांचे हिशेब लिहिणं हे माझं रोजचं काम. एकानं वही आणली. सूतवाल्याची उधारी पानंच्या पानं चढत गेलेली, विजेची बिलं टाचणीला तशीच, कामगारांच्या उचलीचा मेळ नाही. आणि शेवटच्या पानावर, सगळं थकलेलं असताना, मेहुण्याचे दोन लाख एकरकमी फेडलेले, खाली मेहुण्याची ठसठशीत सही. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत बायकोच्या नावानं केलेलं जागेचं बक्षीसपत्र. कुणीतरी सांगितलेलं, 'आधी नावावर करून टाक, मग दिवाळं काढ.' हा सल्ला माणसाला बुडवतो. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय दुसऱ्याच्या नावे केलेली मालमत्ता रिसीव्हर परत ओढू शकतो. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत बाकीच्यांना डावलून एकाचंच देणं फेडलं, तर तोही व्यवहार रद्द होऊ शकतो. मालमत्ता लपवली, हिशेबाची वही दडवली, तर एक वर्षापर्यंत कैद आहे. तुम्हाला ज्या लबाडांचा राग येतो, त्यांच्यासाठीच ही कलमं आहेत, काका. वही उघडी ठेवणाऱ्यानं त्यांना घाबरण्याचं कारण नाही.

नुसतं कर्ज थकलं म्हणून तुरुंग होत नाही. ऐपत असून मुद्दाम न देणारा आणि खरोखर जवळ काही नसलेला, यांत फरक करायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 सालीच सांगितलंय. पैसे देण्याच्या कोर्टाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला तर अटक करताच येत नाही. वसुलीवाले घरी येऊन सुनेला 'उद्या पोलीस नेतील' म्हणतात, तेव्हा हे माहीत असलेलं माणूस घरात असावं, एवढ्यासाठी मी लिहितो. नादार माणसाला मुक्तता मिळेपर्यंत महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांचीही उधारी घेतली तरी तो गुन्हा ठरतो. हा मार्ग सोपा आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही.

दागिने मोडून देणं फेडणाऱ्या तुमच्या पिढीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आज मोडायला दागिनेच उरलेले नसतात. एका मायक्रोफायनान्सचा हप्ता दुसऱ्याच्या कर्जातून, दुसऱ्याचा भिशीतून आणि भिशीचा कोऱ्या चेकवर सावकाराकडून, असं चाललेलं असतं. तो सावकार बिनपरवाना असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि नादारीआधी ते करावं. अब्रू जाईल म्हणून गप्प बसणाऱ्यांनी काय केलं, हे आपण दोघांनीही या गावात पाहिलंय. त्यापेक्षा कोर्टात उभं राहून 'एवढं आहे, एवढं नाही' म्हणणं मला हजारपटीनं बरं वाटतं.

तुमचा एकच मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, तो जामीनदाराचा. कर्जदार सुटला तरी जामीनदार सुटत नाही, कायदाच तसा आहे, आणि ज्यानं मैत्रीखातर सही केली त्याचा पगार कापला जातो. तुमच्या ज्या मित्राच्या बाबतीत हे झालंय, त्यांना एवढं सांगा: भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपून ठेवा आणि कर्जदाराच्या नादारीच्या कामात आपला दावा दाखल करा. जामीनदारानं भरलेली रक्कम हे त्या कर्जदाराचं देणंच असतं, वाटपात त्यांचाही हिस्सा लागतो. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, निकषात बसलात तर वकील मोफत मिळतो. जाताना कर्जरोख्याची आणि जामीनपत्राची नक्कल सोबत न्या.