यजमानाच्या 465 पायऱ्या

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात राहायला आलो तेव्हा घरमालकाने वीज, पाणी, कचरा उचलण्याचे वार, सगळं समजावून सांगितलं. एकच सांगायचं राहिलं. इथे राहणाऱ्याकडे दर उन्हाळ्यात पाहुणे येतात, आणि आलेला प्रत्येक पाहुणा इथल्या डोम नावाच्या जुन्या चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून विचारतो, "वर जाता येतं का रे?"

जाता येतं. 465 पायऱ्या आहेत. 112 मीटर उंचीचा हा मनोरा म्हणजे नेदरलँड्समधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सगळ्यात उंच. पाहुण्यांना आडगल्लीतून कालव्याकडे पळवावं म्हटलं तरी हा छपरांवरून डोकावतोच. पाचेक वर्षं दुरुस्तीसाठी तो परांची बांधून उभा होता. "काम चालू आहे हो," असं सांगताना चेहरा पाडायला मी शिकलो होतो. 2024 मध्ये परांची उतरली आणि माझं सुख संपलं.

यंदा नाशिकहून काका-काकू आले. माझ्यासाठी ही सहावी चढाई. बायकोने आदल्या रात्रीच गुडघा धरला होता. कोणता गुडघा, ते सकाळी बदललं.

काका बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेत. चौकात उभं राहून त्यांनी डावीकडे मनोरा पाहिला, उजवीकडे चर्च पाहिलं आणि मध्ये मोकळं पटांगण पाहिलं.

"मधला भाग कुठाय?"

"पडला. 1674 साली, 1 ऑगस्टला. वादळ आलं होतं."

"वादळाने मनोरा नाही पडला, चर्चचं उरलेलं अर्धं नाही पडलं, बरोबर मधलंच पडलं?" काकांच्या डोळ्यांत चौकशी समितीचं तेज आलं. "आधार नव्हते ना बाहेरून?"

नव्हतेच. गॉथिक बांधणीत उंच भिंती बाहेरून कमानींनी तोलून धरतात, पण मधल्या दालनापाशी येईस्तोवर पैसा आटला. 1254 मध्ये सुरू झालेलं काम सोळाव्या शतकात थांबलं ते थांबलंच. त्या कमानी काही झाल्या नाहीत. हे मी सांगितल्यावर काकांना इतका आनंद झाला, की भावाचा मुलगा नोकरीला लागला तेव्हाही झाला नसेल. (तो मुलगा मीच.)

"निधी संपला! मार्चअखेर!" ते म्हणाले. "आणि राडारोडा कधी उचलला?"

"1826 च्या सुमाराला."

दीडशे वर्षं! काकांनी चौकाकडे हात जोडले. आजवर युरोपातल्या कुठल्याच गोष्टीने ते हेलावले नव्हते. इथे मात्र त्यांना आपली माणसं भेटली.

मग चढाई. मनोऱ्यात एकट्याने सोडत नाहीत, वाटाड्याबरोबर घोळक्याने जायचं. दगडी गोल जिना, एका वेळी एकच माणूस मावेल असा. पुढच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर. माझ्यापुढे काकूंची पर्स होती आणि तिच्यातून चिवड्याच्या पुडीचा चुरचुर आवाज येत होता. शंभराव्या पायरीला मी जाकीट काढलं, दोनशेला ते कमरेला बांधलं. पुढे मोजायचं सोडलं, कारण मोजायलाही दम लागतो. काका मात्र वर चढताना भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत होते. आपल्याकडे गृहिणी कलिंगड घेताना करते तसं.

घंटांच्या दालनात पोचलो तेव्हा माझी छाती भात्यासारखी चालू होती. वाटाड्या सांगत होता : सगळ्यात मोठी घंटा साल्वाटोर, वजन 8 टनांहून जास्त, 1505 मध्ये खेर्ट व्हान वाउने ओतलेली. काकूंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुनेच्या माहेरून आलेलं भांडं पाहावं तसं.

"आमच्याकडे नारोशंकराची घंटा आहे," काकू मराठीत म्हणाल्या. "तीही चर्चचीच. चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हाची. सांग त्यांना."

मी सांगितलं. गोदाकाठच्या देवळात पोर्तुगिजांची घंटा टांगलीय, हे ऐकून वाटाड्याला खरोखरच नवल वाटलं. त्याने विचारलं, "वाजवतात अजून?" आता आमच्या काकूंचा आवाज असा, की नाशकात त्यांनाच लोक नारोशंकराची घंटा म्हणतात. हे मी भाषांतरात गाळलं.

"वाजवू का एकदा? देवळात आल्यासारखं वाटेल," म्हणत काकूंनी हात वर केलाच होता. आठ टनांच्या घंटेपर्यंत तो पोचला नाही हे गावाचं नशीब.

वरच्या गच्चीवर पोचलो तर सगळीकडे धुकं. हवा स्वच्छ असली की अॅमस्टरडॅम आणि रॉटरडॅम दिसतं म्हणतात. सहा खेपांत मला एकदाही दिसलेलं नाही. आम्हाला आमचेच हात दिसत होते. काकूंनी चिवडा काढला. वाटाड्यालाही दिला. त्याने शेंगदाणे वेचून खाल्ले आणि कढीपत्ता परत केला.

उतरणं चढण्यापेक्षा वाईट, कारण तेव्हा गुडघे बोलतात, आणि माझे तर भांडत होते. खाली चौकात आल्यावर मी बाकावर बसलो. पडलेल्या दालनाची रेघ चौकातल्या फरशीत वेगळ्या दगडांनी दाखवलीय. काका त्या रेघेवरून हात मागे बांधून पावलं मोजत चालले होते. मागून सायकली घंटी वाजवून वाजवून वळत होत्या. "साईटवर आहे," ते मराठीत ओरडले.

रात्री जेवताना त्यांनी रुमालावर नकाशा काढला. आधारकमानी, पाया, सळई किती, सिमेंट किती. बायको वरणभात वाढत होती, तिचा गुडघा आता पूर्ण बरा होता.

"एक माप राहिलं रे," काका म्हणाले. "भिंतीची जाडी. जिन्यात मधेच एक खिडकी होती, तिथे नीट दिसते. बहुतेक तीनशेव्या पायरीपाशी."

"उद्या जाऊ की," बायको म्हणाली. "हे नेतील तुम्हाला."